सर्वव्यापी देवाचे येणे-जाणे
ख्रिस्ती शास्त्रातील ईश्वरसान्निध्यावर एक संवाद

देव सर्वत्र आहे, हे ख्रिस्ती शास्त्राला मान्य आहे. तरीही त्या शास्त्राचा मोठा भाग देव कुठे आला, कुठे राहिला, कुठून निघून गेला आणि पुन्हा कसा आला, हेच सांगण्यात खर्ची पडला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या बागेपासून प्रकटीकरणातल्या नगरापर्यंत हा धागा कुठेही तुटत नाही. जो सगळीकडे आहे तो येतो कुठून आणि जातो कुठे, हा या विषयातला मूळ प्रश्न.

बऱ्हाणपूरच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अवघ्या दहा-अकरा वर्षांच्या अंतराने समोर येतात. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे. फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाने, म्हणजे राजा अली खानाने, ही मशीद बांधल्याचे तो सांगतो. त्यावर शके १५११, विक्रम संवत १६४६ ही वर्षे आहेत. इसवी सनाने १५९०चा आरंभ. सुलतानांची वंशावळ देण्यापूर्वी हा लेख सृष्टिकर्त्याला नमन करतो आणि त्याचे वर्णन डोळ्यांना न दिसणारा, सगळे व्यापून राहिलेला, गुणांच्या पलीकडचा असे करतो. पुढे १६०० साली असीरगड घेण्यासाठी अकबर बऱ्हाणपुरात आला, तेव्हा जेझुइट पाद्री जेरोम झेवियर आणि त्याच संघाचे ब्रदर बेंतो द गोइश त्याच्या छावणीबरोबर होते. जानेवारी १६०१मध्ये गड पडला आणि मार्चमध्ये अकबराचा वकील गोव्याकडे निघाला. गोइश त्याच्यासोबत गेले. सगळे व्यापणारा देव एका स्त्रीच्या पोटी, एका ठरावीक गावात जन्माला आला, असे या पाद्र्यांचे म्हणणे होते.

पुढील संवादात या दोन भूमिका समोरासमोर आहेत. व्यापक पक्ष बऱ्हाणपुरातल्या एका वारकरी घरातल्या गुरुजींच्या तोंडी आहे, तर निवास पक्ष मराठी मंडळीच्या एका पाळकाच्या तोंडी. दोन्ही पात्रे काल्पनिक आहेत.

बाग, शिडी आणि झुडूप

गुरुजी : पाळकसाहेब, मशिदीतला तो संस्कृत लेख ज्याने रचला, त्याला देव म्हणजे काय ते ठाऊक होते, असे मला वाटते. देव व्यापक आहे म्हटले की त्याला पत्ता विचारता येत नाही. तुमच्या शास्त्रात मात्र पहिल्याच पानांवर तो संध्याकाळच्या वाऱ्यात बागेत फिरतो आणि लपलेल्या आदामाला, तू कुठे आहेस, असे विचारतो. बाबेलचा बुरूज पाहायला तर त्याला खाली उतरावे लागते. हा व्यापक देव कसा?

पाळक : गुरुजी, आदाम कुठे आहे हे देवाला माहीत नव्हते, असे ती गोष्ट म्हणतच नाही. लपलेल्याला समोर यायची संधी मिळावी म्हणून तो प्रश्न आहे. आणि तुम्ही म्हणता ती व्यापकता शास्त्रात इतरत्र स्वच्छ सांगितली आहे. एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र घ्या. आकाशात चढले, अधोलोकात बिछाना केला, समुद्राच्या पलीकडल्या टोकाला गेले, तरी देव तिथे आहेच, असे कवी सांगतो. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात देव स्वतःच सांगतो, की आकाश आणि पृथ्वी आपल्याने भरलेली आहे. योना देवाच्या समोरून पळायला तार्शीशच्या गलबतात बसला, आणि देव त्याला भर समुद्रात गाठतो.

गुरुजी : मग एकाच ग्रंथात दोन देव झाले. एक सगळीकडे असणारा, दुसरा उतरणारा-चढणारा.

पाळक : देव एकच, पण त्याच्या असण्याचे प्रकार दोन. एक असणे सृष्टीला धरून ठेवणारे. ते कुणाच्या लक्षात येवो न येवो. दुसरे असणे भेटीचे. ते कुणाला तरी, कुठे तरी, काही कामासाठी घडते. याकोब भावाच्या भीतीने पळत होता. उशाला दगड घेऊन निजला, तेव्हा त्याला स्वप्नात आकाशाला भिडलेली शिडी दिसली. जागा झाल्यावर तो कबूल करतो, की देव इथे होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. देव त्या रात्री नव्याने तिथे आला, असे तो म्हणत नाही. होरेबाच्या रानात मोशे रोज मेंढरे चारत होता. झुडूप पेटलेले दिसले त्या दिवशी त्याला पायांतले जोडे काढावे लागले.

गुरुजी : म्हणजे जागा पवित्र नव्हती, भेटीने पवित्र झाली. हे मला पटण्यासारखे आहे.

पाळक : पटणारच. विठ्ठल चराचरात आहे असे तुम्ही म्हणता, आणि आषाढीला पंढरपूरही गाठता.

गुरुजी : तो टोला मान्य. पण फरक आहे. आमचा विटेवर उभा आहे तो हललेला नाही. तुमचा मुक्काम हलवतो.

मंडप आणि मंदिर

निवास पक्षाचा मुख्य आधार निर्गमाच्या पुस्तकात आहे. त्या पुस्तकाचा जवळपास तिसरा हिस्सा निवासमंडप कसा करावा आणि तो कसा केला गेला, याच तपशिलाने व्यापला आहे. बाभळीच्या लाकडाची पेटी, म्हणजे कराराचा कोश, अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच. तिच्या कड्यांतून दांडे घातलेले, आणि ते दांडे कधीही काढायचे नाहीत अशी आज्ञा. कोश सदैव उचलायच्या तयारीत असे. मंडपाचे सर्वांत आतले दालन, परमपवित्रस्थान, दहा हात लांब, दहा हात रुंद आणि दहा हात उंच होते. काम पुरे झाले तेव्हा ढगाने मंडप झाकला आणि परमेश्वराच्या तेजाने तो भरून गेला. ढग वर उठला की लोकांनी तळ हलवायचा, थांबला की थांबायचे.

गुरुजी : राजाच्या छावणीचीच ही तऱ्हा. अकबराचा डेरा जिथे पडेल तिथे दरबार. पण देवाला मापाच्या खोलीत ठेवणे म्हणजे त्याला लहान करणेच की.

पाळक : आधीचे अध्याय वाचले की उलटे दिसते. लोकांनी सोन्याचे वासरू केले, तेव्हा देव म्हणाला, तुम्ही पुढे जा, मी तुमच्यामध्ये चालणार नाही. देश मिळेल, शत्रू पळतील, सोबत देवदूतही येईल. फक्त देव येणार नाही. मोशेने ती देणगी नाकारली. तू सोबत नसशील तर आम्हाला इथून हलवूही नकोस, असा त्याने हट्ट धरला. मंडप हे त्या हट्टाचे उत्तर आहे. देव लहान झाला म्हणून तंबूत आला नाही. लोक वाटेवर होते म्हणून तोही तंबूत आला.

गुरुजी : आणि पुढे शलमोनाने दगडी मंदिर बांधले, तेव्हा दांडे निघालेच असतील.

पाळक : तिथेही नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात मुद्दाम नोंद आहे, की दांडे लांब असल्यामुळे आतल्या दालनापुढे उभे राहिले तर त्यांची टोके दिसत. आणि मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी खुद्द शलमोनच विचारतो, की आकाशांच्या आकाशातही न मावणारा देव या घरात कसा मावेल. तुमची शंका आमच्या राजाने मंदिराच्या पहिल्याच दिवशी, सगळ्या लोकांसमोर काढली होती.

गुरुजी : शंका काढून मंदिर बांधायचे थांबला नाही मात्र.

पाळक : नाही. त्याने मागितले ते इतकेच, की या जागेकडे तोंड करून कुणी प्रार्थना केली, मग तो परदेशी का असेना, तर देवाने स्वर्गातून ऐकावे. मंदिर देवाचे कोठार नव्हे. ते लोकांनी तोंड कुठे वळवायचे याची खूण.

गुरुजी : खूण म्हणता, पण त्या खुणेला हात लावणारा मेला. दावीदाच्या वेळी बैल अडखळले आणि कोश पडू नये म्हणून उज्जाने हात पुढे केला, तो जागच्या जागी गेला. सांभाळणाऱ्याला ही शिक्षा?

पाळक : तो भाग दावीदालाही पचला नाही, त्याला राग आला आणि भीतीही वाटली. तीन महिने त्याने कोश शहरात आणलाच नाही. शास्त्र ती अवघड जागा गुळगुळीत करत नाही. सान्निध्य म्हणजे नुसता दिलासा, असे मानणाऱ्याला ही गोष्ट अडवते. कोश दांड्यांवर खांद्यांनी वाहायचा होता, तो गाडीवर ठेवला गेला, एवढे कारण नियमांवरून सांगता येते. पण देव आपल्या सोयीने हाताळायची वस्तू नाही, हा तिचा रोख आहे.

निघून गेलेले तेज

इ.स.पू. ५८६मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले आणि शलमोनाचे मंदिर पाडले. त्याआधीच बाबेल देशात नेलेला यहेज्केल हा याजक खबार नदीकाठी एक दर्शन पाहतो. परमेश्वराचे तेज आपल्या जागेवरून उठते, मंदिराच्या उंबऱ्यावर थांबते, पूर्वेच्या दरवाजाशी जाते आणि शेवटी नगराबाहेरच्या डोंगरावर जाऊन राहते. शत्रू येण्याआधीच घर रिकामे झालेले असते.

गुरुजी : इथे माझा पक्ष जिंकतो. जे निघून जाऊ शकते ते व्यापक नव्हे.

पाळक : पण ते दर्शन त्याला कुठे झाले ते पाहा. परक्या मुलखात, कैद्यांच्या वस्तीत, मंदिरापासून शेकडो कोस दूर. तेज मंदिर सोडते त्याच्या आधीच ते चाके लावलेल्या आसनावर बसून खबार नदीवर पोचलेले आहे. लोकांची समजूत अशी, की मंदिर आपल्याकडे आहे म्हणजे देव आपल्याकडे आहे. यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून याच समजुतीवर घाव घातला. परदेशी, अनाथ आणि विधवा यांना नाडून इथे येऊन सुरक्षित आहोत म्हणाल, तर या घराचे उजाड झालेल्या शिलो या जुन्या उपासनास्थळासारखे होईल, असे त्याने बजावले.

गुरुजी : मग पुढे परत बांधले तेव्हा तेज परतले का?

पाळक : एज्राच्या पुस्तकात दुसऱ्या मंदिराचे अर्पण आहे, बळी आहेत, आनंद आहे, ढग उतरल्याची ओळ नाही. कोशाचाही पत्ता नाही. रोमी सेनापती पॉम्पे इ.स.पू. ६३मध्ये परमपवित्रस्थानात शिरला, तेव्हा त्याला तिथे कुठल्याही देवाची मूर्ती सापडली नाही.

गुरुजी : व्यापक पक्षाला ही अडचण कधी येत नाही. देव आहेच, दिसत नसेल तर दोष पाहणाऱ्याचा.

पाळक : तुमच्या पक्षाची दुबळी बाजू तीच आहे, गुरुजी. ज्याचे लेकरू गेले त्याला, देव सगळीकडे आहेच, असे सांगून भागत नाही. आमच्या शास्त्रात ईयोब पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे शोधतो आणि देव सापडत नाही म्हणतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचे नाव एकदाही नाही. एलीयाला वारा, भूकंप आणि अग्नी यांत देव भेटत नाही. त्यानंतरच्या अगदी मंद आवाजात भेटतो. देव जवळ नाही असे वाटण्याचा अनुभव शास्त्राने बाहेर टाकला नाही. त्याची प्रार्थना केली.

देहधारण

नव्या करारात हा सगळा विषय एका व्यक्तीवर येऊन टेकतो. योहानाचे शुभवर्तमान सांगते, की आरंभी देवाजवळ असलेला शब्द देहधारी झाला आणि माणसांत वस्तीला आला. लेखकाच्या डोळ्यांपुढे निवासमंडप आहे हे त्याच्या वर्णनावरून कळते. पुढच्याच अध्यायात येशू मंदिर पाडून तीन दिवसांत उभारण्याविषयी बोलतो, आणि लेखक लगेच खुलासा करतो, की हे त्याच्या शरीराविषयी होते. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री त्याला जुना वाद विचारते. आमचा डोंगर खरा की यरुशलेम? उत्तर मिळते, की खरी उपासना या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही. ती आत्म्याने आणि खरेपणाने करायची आहे.

गुरुजी : हे उत्तर तर माझेच आहे. डोंगर नको, शहर नको. मग एका सुताराच्या घरची व्यक्ती तरी का हवी? जी मर्यादा जागेची, तीच देहाची. एक देह एका वेळी एकाच गावात.

पाळक : हा आक्षेप सर्वांत वजनदार. जेरोम झेवियर यांना मोगल दरबारात हाच आक्षेप पुन्हा पुन्हा ऐकावा लागला. ख्रिस्ती उत्तर असे, की व्यापक असणाऱ्याला सगळे दुःख माहीत असते, पण ते त्याने सोसलेले नसते. तहानलेला, थकून विहिरीवर बसलेला, खांबावर खिळलेला देव हे व्यापकतेतून निघणारे अनुमान नाही. वधस्तंभावर येशू बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत, देवाने आपल्याला का टाकले, असे विचारतो. मघाचा तो अनुपस्थितीचा अनुभव देवाच्या पुत्राच्याच तोंडी येतो, आणि मार्क सांगतो, की त्याच वेळी मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला.

गुरुजी : पण तोही शेवटी वर गेला. पुन्हा निघून जाणेच.

पाळक : मत्तयाची मांडणी पाहा. पहिल्या अध्यायात देव आमच्यासोबत असे नाव, अठराव्यात दोघे-तिघे जमतील तिथे मी आहे असा शब्द, शेवटच्या ओळीत युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत असण्याचे वचन. मधे पंचविसावा अध्याय आहे. भुकेल्याला खायला दिले, उघड्याला वस्त्र दिले, तुरुंगातल्याला भेटले, ते त्यालाच केले, असे राजा म्हणतो; आणि ज्यांनी केले त्यांना तो तिथे आहे याची कल्पनाही नव्हती. याकोबाचीच गत. एका देहाची मर्यादा अशी ओलांडली जाते.

भाकर, मंडळी आणि आत्मा

पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पवित्र आत्मा उतरल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. मोशेच्या काळी सिनाय डोंगर पेटला होता. इथे अग्नीच्या जिभा एकेका माणसावर बसतात. पौल करिंथकरांना लिहितो, की तुम्हीच देवाचे मंदिर आहात. अथेन्समध्ये तो विद्वानांना सांगतो, की देव हातांनी बांधलेल्या देवळांत राहत नाही आणि आपल्यापैकी कुणापासूनही दूर नाही. त्यासाठी तो ग्रीक कवीचा दाखलाही देतो.

गुरुजी : पौल बऱ्हाणपुरात आला असता तर त्याने त्या संस्कृत लेखाचाच दाखला दिला असता.

पाळक : दिला असता, आणि तिथेच थांबला नसता. अथेन्समध्येही तो शेवटी एका माणसाच्या पुनरुत्थानावर येतो, आणि तिथे काही श्रोते हसतात.

गुरुजी : प्रभुभोजनाच्या भाकरीत तो आहे की नाही, यावर तर तुमचे तुमच्यातच जमत नाही.

पाळक : खरे आहे. भाकर आणि द्राक्षारस यांचे तत्त्व बदलून ते ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होते, ही शिकवण कॅथलिक चर्चने १२१५च्या लॅटरन परिषदेत आणि १५५१मध्ये ट्रेंट परिषदेत ठाम केली. १५२९मध्ये मारबुर्ग इथे प्रोटेस्टंट धर्मसुधारक लुथर आणि झ्विंग्ली चर्चेला बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले, या एकावर अडले. लुथरच्या मते भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे. झ्विंग्लीच्या मते ती आठवण आहे. गंमत अशी, की तुमचा-माझा वादच त्यांनी एका टेबलावर घातला. ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात आहे तर भाकरीत कसे, हा झ्विंग्लीचा प्रश्न होता.

गुरुजी : मराठी माणसाने यातून काही वाट काढली का?

पाळक : मराठीत ही गोष्ट फार लवकर आली. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६मध्ये छापले गेले. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, आणि सगळे ओव्यांत. तीनशे वर्षांनी मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त बसू शकत. दोघे-तिघे जमतील तिथे तो आहे, या वचनाचा अर्थ त्यांनी मंडळीच्या भिंतीबाहेर नेला.

शेवटचे नगर

प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात नवे यरुशलेम उतरते. त्याची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच आहे, बारा हजार स्टेडिया. शास्त्रात अशी सर्व बाजूंनी सारखी वास्तू आधी एकच होती, ती म्हणजे परमपवित्रस्थान. निवासमंडपात ते दहा हातांचे, शलमोनाच्या मंदिरात वीस हातांचे. वर्षातून एकदा, एकाच याजकाने शिरायची ती खोली इथे अख्खे नगर झाली आहे. त्यात मंदिर नाही, कारण देव आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हेच त्याचे मंदिर. आणि त्या नगराच्या वेशी बंद होत नाहीत.

गुरुजी : म्हणजे शेवटी सगळीकडेच देव. मी सुरुवातीला म्हणत होतो ते.

पाळक : तुम्ही सुरुवातीला जे गृहीत धरलेत, तिथे शास्त्र शेवटी पोचते. मधल्या वाटेवर वासरू आहे, कैद आहे, वधस्तंभ आहे. ती वाट वगळली तर शेवट तोच राहतो, पण गोष्ट राहत नाही.

गुरुजी : मी मात्र म्हणेन, की ती वाट एकाच लोकांच्या इतिहासातून का गेली याचे उत्तर तुम्ही दिले नाही.

पाळक : नाही दिले. शास्त्र तिथे निवड म्हणते, कारण सांगत नाही.

निष्कर्ष

दोन्ही पक्ष पडताळून पाहिले, की वाद देव सर्वत्र आहे की नाही यावर नाही, असे दिसते. त्याबाबत स्तोत्रकर्ता, यिर्मया, पौल आणि बऱ्हाणपूरचा शिलालेख एका बाजूला आहेत. मतभेद सान्निध्य म्हणजे काय यावर आहे. व्यापक पक्षाच्या मते सान्निध्य हा देवाचा स्वभाव आहे, म्हणून देव येत नाही आणि जात नाही. ख्रिस्ती शास्त्र तो स्वभाव मान्य करून सान्निध्याला देवाची कृती मानते. कृती असल्यामुळे तिला जागा, वेळ, वचन, नकार आणि परतणे हे सगळे लागू होते. व्यापक पक्षाचे बळ असे, की तो देवाला कुणा एकाच्या मालकीचा होऊ देत नाही. निवास पक्षाचे बळ असे, की तो देव दुरावल्याचे दुःख नाकारत नाही. मात्र निवड एकाच लोकांची का, हा गुरुजींचा आक्षेप उभाच राहतो, आणि तो उभा ठेवूनच हे शास्त्र वाचावे लागते.

संवादाच्या रूपात हा वाद लिहिण्याची रीतही या मुलखाला परकी नाही. बऱ्हाणपूरहून परतल्यावर जेरोम झेवियर यांनी १६०२मध्ये मिरात-उल-कुद्स हे फारसी ख्रिस्तचरित्र अब्दुस सत्तार यांच्या मदतीने पूर्ण केले, आणि १६०९मध्ये आईना-ए-हकनुमा लिहिले. या दुसऱ्या ग्रंथात पाद्री आणि तत्त्वज्ञ यांचा संवाद आहे, आणि त्यात एक मुल्लाही भाग घेतो. त्याला इराणातल्या सय्यद अहमद अलवी यांनी मिस्कल-ए-सफा लिहून फारसीतच उत्तर दिले. ज्याला हा विषय मुळातून पाहायचा आहे, त्याने एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र आणि यहेज्केलाचा दहावा अध्याय एका बैठकीत वाचावेत. यांतला एकच वाचणाऱ्याला विषयाची अर्धीच बाजू कळते.